पीएच्या शिक्षणासाठी माजी विद्यार्थ्यांचा पैसा: कुठे शोधायचा, कसा मागायचा

अमेरिकेत एमएसला आलेल्या मुलाला खर्चाचं विचारलं की तो टीए, आरए, ग्रेडर अशी विद्यापीठातल्या पगारी कामांची दोन-चार नावं पटापट घेतो. पीएला, म्हणजे फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळालेल्या मुलीच्या हाताशी यातलं एकही नसतं. अभ्यासक्रम साधारण सत्तावीस महिन्यांचा. त्यात पहिलं वर्ष-सव्वा वर्ष दिवसभर वर्ग आणि प्रयोगशाळा, पुढे वर्षभर दर चार-सहा आठवड्यांनी नवं रुग्णालय, नवं क्लिनिक (याला रोटेशन म्हणतात). नोकरी करू नका, हे बहुतेक शाळा सुरुवातीलाच बजावतात. मान्यता देणाऱ्या एआरसी-पीए या संस्थेचा नियमही असा, की शाळेने विद्यार्थ्याला स्वतःसाठी राबवून घेता कामा नये. म्हणजे फी, भाडं, गाडी, पेट्रोल हे सगळं बाहेरूनच उभं करायचं.

ज्यांच्या घरात हा शब्द नव्याने आला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. तपासणी, निदान, औषधयोजना, शस्त्रक्रियेत मदत ही कामं डॉक्टरांच्या चमूत राहून करणारा परवानाधारक. हा व्यवसाय १९६५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला. पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेले चौघे होते, त्यातले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ ला उत्तीर्ण झाले. आज पन्नासही राज्यांत पीए औषधं लिहून देऊ शकतात आणि सरकारी आकड्यांनुसार मे २०२३ मध्ये त्यांचा मध्यम वार्षिक पगार १,३०,०२० डॉलर होता. नोकरी चांगली आहे, वाद नाही. त्या पगारापर्यंत पोचायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या निधीसाठी येणारे अर्ज मी वाचते. त्यामुळे यातलं बरंचसं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिलेलं आहे.

आधी मोठ्या पैशाचं गणित

माजी विद्यार्थ्यांची पारितोषिकं बहुधा पाचशे ते काही हजार डॉलरची असतात. ती शेवटच्या थरात येतात. खालचे थर पक्के केल्याशिवाय त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही, म्हणून आधी कर्जाचं बघू. इथे नुकताच मोठा बदल झाला आहे.

आतापर्यंत पीएचे विद्यार्थी वर्षाला २०,५०० डॉलरचं सरकारी अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाच व्याज चढणारं) कर्ज काढायचे आणि उरलेली तूट ग्रॅड प्लस या दुसऱ्या सरकारी कर्जाने भरायचे. ग्रॅड प्लसला जवळजवळ मर्यादाच नव्हती. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद केलं. आता साध्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर, तर 'व्यावसायिक' पदवी घेणाऱ्याला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. पीए या दोन्हींतल्या कुठल्या खान्यात बसतो यावरून मोठं वादळ उठलं, कारण शिक्षण खात्याच्या नियम-समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्य केलेल्या 'व्यावसायिक' पदव्यांच्या व्याख्येत पीए नव्हता. १ जुलै २०२६ च्या आधीच त्याच अभ्यासक्रमासाठी कर्ज काढलेल्यांना काही काळ जुने नियम लागू राहतात. तुमचं नाव कुठल्या खान्यात पडतं, हा शाळेच्या फायनान्शियल एड ऑफिसला विचारायचा पहिला प्रश्न. उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

खालच्या खान्यात पडलात तर हिशोब असा होतो. सत्तावीस महिने म्हणजे फार तर तीन मदत-वर्षं, तीनदा २०,५०० म्हणजे ६१,५०० डॉलर. अनेक खासगी शाळांत नुसती फीच लाखाच्या पलीकडे जाते, राहण्या-खाण्याचं वेगळं. उरलेल्या रकमेसाठी खासगी बँकेचं कर्ज, घरची मदत किंवा कुणाचा तरी निधी. पूर्वी दोन हजारांचं पारितोषिक मिळालं तर 'छान' म्हणून पुढे जायचो. आता ते दोन हजार थेट खासगी कर्जातून वजा होतात. ८ टक्के दराने दहा वर्षांची फेड धरली तर दोन हजारांचं कर्ज साधारण २,९०० डॉलर होऊन परत जातं. एका अर्जाचं मोल असं मोजा.

मोठा पैसा आणखी दोन-तीन ठिकाणी आहे. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती फी, इतर शैक्षणिक खर्च आणि दरमहा भत्ता देते. बदल्यात पदवीनंतर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात किमान दोन वर्षं प्राथमिक सेवा द्यावी लागते, आणि जितकी वर्षं पैसे घ्याल तितकी सेवा वाढते, चारपर्यंत. करार मोडला तर घेतलेल्या रकमेच्या तिप्पट आणि वर व्याज, अशी वसुली आहे. लग्न, घर, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी यांचा विचार न करता यावर सही करू नका. त्याच संस्थेची पदवीनंतरची कर्जफेड योजना मला जास्त सोयीची वाटते, कारण तेव्हा तुम्ही कुठे राहणार हे तुम्हाला ठाऊक असतं. दुसरं, स्कॉलरशिप्स फॉर डिसअॅडव्हान्टेज्ड स्टुडंट्स. हा सरकारी पैसा शाळेमार्फत येतो, पण सगळ्याच शाळांकडे नसतो. तिसरं, सरकारी किंवा ना-नफा रुग्णालयात नोकरी करून १२० हप्ते भरल्यावर उरलेलं सरकारी कर्ज माफ होण्याची पीएसएलएफ योजना. खासगी कर्जाला ती लागू नाही, म्हणून आधी सरकारी कर्जाची मर्यादा संपवा आणि मगच खासगीकडे वळा.

यादीत 'इंडियन हेल्थ सर्व्हिस स्कॉलरशिप' दिसली की आपल्याकडचे पालक उत्साहाने लिंक पाठवतात. ती अमेरिकेतल्या आदिवासी जमातींच्या मुलांसाठी आहे.

माजी विद्यार्थ्यांचा पैसा चालतो कसा

मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आठवा. कुणीतरी एकदा ठेव ठेवली, अट घातली, आणि उत्पन्नातून दरवर्षी कुणाला तरी मिळत राहिली. अमेरिकन विद्यापीठातला एंडाउड फंड म्हणजे हेच. मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि दरवर्षी साधारण चार ते पाच टक्के वापरायला काढतात. म्हणजे एखाद्या तुकडीने मिळून ५०,००० डॉलरचा निधी केला तर त्यातून वर्षाला सुमारे दोन हजार निघतात. पारितोषिकं छोटी का असतात, त्याचं कारण हे.

दुसरा प्रकार चालू खर्चाच्या देणग्यांचा. एखादी माजी विद्यार्थिनी दरवर्षी पाच हजार देते, ते त्याच वर्षी वाटले जातात. पुढच्या वर्षी ते असतीलच असं नाही, त्यामुळे ते वेबसाइटवर नसतातही. तिसरा प्रकार आणीबाणीच्या निधीचा: गाडी बंद पडली, रोटेशनच्या गावात दुसरं भाडं भरावं लागलं, घरी कुणी दगावलं आणि विमानाचं तिकीट काढायचं आहे. याची जाहिरात जवळजवळ कधीच होत नाही. चौथा प्रकार रोख पैशाचा नसतो. रोटेशनच्या काळात माजी विद्यार्थ्याच्या घरी खोली, पँसच्या तयारीच्या कोर्सची फी, अधिवेशनाला जाण्याचा खर्च, पांढऱ्या कोटाच्या समारंभात मिळणारा स्टेथोस्कोप. पँस म्हणजे परवान्याआधीची राष्ट्रीय परीक्षा. तिची नुसती फी ५५० डॉलर आहे आणि ती भरायची वेळ येते तेव्हा खात्यात काही उरलेलं नसतं.

आणखी एक आतली गोष्ट. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर लाभार्थी तो स्वतः निवडू शकत नाही. अटी तो घालतो, निवड समिती करते. त्यामुळे ओळखीच्या काकांनी निधी दिला आहे म्हणून त्यांना फोन करण्यात हशील नाही. उलट काकांची पंचाईत होते.

शोध: मदत मागायच्या पानावर नाही, देणगीच्या पानावर

बहुतेक मुलं फायनान्शियल एडच्या पानावर शोधतात, तिथे 'विविध शिष्यवृत्त्या उपलब्ध' एवढं एक वाक्य सापडतं आणि ती थांबतात. निधींची नावं असतात ती देणगीदारांसाठी केलेल्या पानांवर, कारण विद्यापीठाला त्यांनाच दाखवायचं असतं. म्हणून विद्यापीठाच्या 'गिव्हिंग' विभागात जा आणि पीए विभागाच्या निधींची यादी उघडा. अटी तिथे एका परिच्छेदात लिहिलेल्या असतात. मग माजी विद्यार्थ्यांची वार्तापत्रं चाळा. 'अमुक साली उत्तीर्ण झालेल्या तुकडीने पन्नाशीनिमित्त निधी उभारला' अशी बातमी दिसली की नाव लिहून ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे पदवीदान समारंभाची पुस्तिका. मागच्या दोन-तीन वर्षांच्या पुस्तिका पीडीएफमध्ये सापडतात. शेवटच्या पानांवर पारितोषिकांची नावं आणि ती मिळालेले विद्यार्थी छापलेले असतात. त्यातली काही पारितोषिकं अर्जाची नसतातच, शिक्षक नाव सुचवतात. म्हणजे ती हवी असतील तर वर्गप्रतिनिधी, स्वयंसेवी क्लिनिक, विद्यार्थी संघटना यांतलं काम पहिल्या सत्रापासूनच दिसायला हवं.

शोधताना दोन्ही नावं टाका, 'फिजिशियन असिस्टंट' आणि 'फिजिशियन असोसिएट'. राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एएपीएने, २०२१ मध्ये दुसरं नाव स्वीकारलं. जुन्या निधींच्या करारात पहिलंच आहे. शिवाय पीए विभाग कुठे वैद्यकीय महाविद्यालयात असतो, कुठे आरोग्यशास्त्र महाविद्यालयात. त्या महाविद्यालयाच्या सामायिक निधींनाही तुम्ही पात्र असता आणि तिथे पीएची मुलं कमी अर्ज करतात, कारण त्यांना ते फक्त डॉक्टर होणाऱ्यांचे वाटतात.

शाळेबाहेर एएपीएची दानशाखा पीए फाउंडेशन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. त्यासाठी एएपीएचं विद्यार्थी सदस्यत्व लागतं. राज्याच्या पीए संघटनांच्याही असतात, आणि राज्य लहान असेल तर स्पर्धा कमी. गावच्या महाराष्ट्र मंडळाकडे विद्यार्थ्यांसाठी काही आहे का हेही विचारून बघा. असलं तरी ते बहुधा बारावी संपवून कॉलेजला निघालेल्यांसाठी असतं, त्यामुळे फार आशा धरू नका. अर्जासाठी फी मागणारी कुठलीही शिष्यवृत्ती सोडून द्या.

केव्हा काय करायचं

बहुतेक पीए शाळांचे प्रवेश अर्ज कास्पा या एकाच खिडकीतून जातात. ती एप्रिलच्या अखेरीस उघडते. मुलाखती उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालतात. मुलाखतीच्या शेवटी 'काही प्रश्न?' असं विचारतात तेव्हा हे विचारा: 'पहिल्या वर्षाच्या आणि क्लिनिकल वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे निधी आहेत का, आणि मागच्या वर्षी वर्गातल्या किती जणांना काही ना काही मिळालं?' यात लाजण्यासारखं काहीच नाही. उत्तर देताना विभागप्रमुख आकडा सांगतात की वेबसाइटकडे बोट दाखवतात, यावरूनही शाळेबद्दल पुष्कळ कळतं.

जागा पक्की करायची अनामत भरण्यापूर्वी दोन शाळांचा निव्वळ खर्च शेजारी शेजारी मांडा. प्रवेश समिती ही तुम्हाला ओढून घेण्याच्या मनःस्थितीत असते ती फक्त याच काही आठवड्यांत. दुसऱ्या शाळेने चार हजार देऊ केले असतील तर ते पत्र जोडून नम्रपणे विचारता येतं. प्रत्येक ठिकाणी जमतं असं नाही, पण विचारल्याने प्रवेश जात नाही.

फाफ्सा हा मदतीसाठीचा सरकारी फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. पदव्युत्तर विद्यार्थी कायद्याने स्वतंत्र मानला जातो, त्यामुळे आई-वडिलांचं उत्पन्न लागत नाही. तरी डिसअॅडव्हान्टेज्ड स्टुडंट्ससारख्या आरोग्यशिक्षणाच्या योजनांसाठी आणि काही शाळांच्या गरजाधारित निधींसाठी ती माहिती मागतात. 'मी तीस वर्षांची आहे, माझं लग्न झालंय, वडिलांचे कागद कशाला?' असा प्रश्न पडेल. कारण तिथे तुमची वाढ कुठल्या परिस्थितीत झाली हे बघायचं असतं.

आता एक खोच. मदतीचं वर्ष साधारण जुलै ते जून चालतं, पण पीएचे वर्ग कुठे मेमध्ये सुरू होतात, कुठे जानेवारीत. मेमध्ये सुरू होणाऱ्या शाळेत पहिला उन्हाळा कधी मागच्या वर्षात मोडतो, कधी पुढच्या. तो चुकीचा धरून एकच फाफ्सा भरला तर पहिल्या सत्राला कर्जही नाही आणि निधीसाठी पात्रताही नाही. सत्तावीस महिन्यांत तीन फाफ्सा भरावे लागतील असं धरून चाला, आणि कुठला कुठल्या सत्राला लागतो ते एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

शाळेच्या शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात उघडतं आणि वसंतात बंद होतं. त्या वेळी तुम्ही शरीररचनाशास्त्र आणि औषधशास्त्राच्या परीक्षांत बुडालेले असता. म्हणून निबंधाचा कच्चा मसुदा वर्ग सुरू होण्याआधीच्या रिकाम्या महिन्यात लिहून ठेवा.

अट नीट वाचा

अर्ज का बाद होतात? बहुतेक वेळा अट न वाचल्यामुळे. एका निधीची अट अशी असू शकते: 'राज्याच्या ग्रामीण काउंटीतून आलेला किंवा तिथे प्राथमिक सेवा देण्याचा मानस असलेला, चांगल्या शैक्षणिक स्थितीतला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी; आर्थिक गरज असल्यास प्राधान्य.' यात चार गोष्टी आहेत. 'किंवा' म्हणजे शिकागोच्या उपनगरात वाढलेली मुलगीही चालते, मानस दाखवता आला तर. 'चांगली शैक्षणिक स्थिती' म्हणजे अव्वल क्रमांक नव्हे, नापास किंवा निरीक्षणाखाली नसणं. 'दुसऱ्या वर्षाचा' ही अट कडक आहे. 'प्राधान्य' मात्र अट नाही. 'प्राधान्य' वाचून मुलं अर्जच करत नाहीत, आणि समितीपुढे एकच अर्ज उरतो. कधी तोही उरत नाही आणि त्या वर्षीचे पैसे पडून राहतात.

निधी कुणी का दिला हेही पाहा. नौदलातून आलेल्या पहिल्या पिढीमुळे अनेक जुने निधी माजी सैनिकांसाठी आहेत. काही दुसरं करिअर करणाऱ्यांसाठी, काही एकट्या पालकांसाठी, काही शस्त्रक्रिया किंवा मनोविकार विभागात जाणाऱ्यांसाठी. आयटीत आठ वर्षं काढून पस्तिशीत पीएला आलेली, घरी लहान मूल असलेली मराठी बाई यातल्या दोन निधींत सहज बसते. तिला वाटत असतं, हे आपल्यासाठी नसणार.

निबंध

पाचशे शब्दांची मर्यादा आणि समितीवर चार-पाच माणसं, तीही दिवसभर रुग्ण पाहून आलेली. 'लहानपणापासून मला लोकांना मदत करायची ओढ आहे' या वाक्यावर आमचे डोळे थांबत नाहीत. आपल्या मुलांचा एक ठरलेला निबंध आहे: आई-बाबा दोन बॅगा घेऊन या देशात आले. ते खरं असतं, आणि ते सोसणं मोठंही असतं. पण तो निबंध वाचून शिष्यवृत्ती आई-बाबांना द्यावीशी वाटते, मुलीला नाही. त्याला फार तर दोन ओळी द्या.

वरच्या ग्रामीण निधीसाठी चालेल अशी सुरुवात बघा:

'मी दोन वर्षं रुग्णवाहिकेवर ईएमटी होते. आमच्या हद्दीतल्या बाळंतिणींना सर्वात जवळचं प्रसूतिगृह सत्तर मैलांवर होतं. हिवाळ्यात आम्ही गाडीत कायम दोन जास्तीची ब्लँकेटं ठेवायचो.'

तीन वाक्यांत गाव, काम आणि नेमकी उणीव आली. ब्लँकेटं ठेवणारी मुलगी लक्षात राहते. पुढच्या परिच्छेदात ती तिथे परत का जाईल हे सांगायचं: त्या भागातल्या रोटेशनसाठी नोंदणी केली आहे, अमुक प्रकारच्या क्लिनिकात सावलीसारखं राहून काम पाहिलं आहे. मानसाला पुरावा लागतो, विशेषणं नाही.

रुग्णाचा किस्सा लिहीत असाल तर वय, गाव, दुर्मिळ आजार यांची अशी सांगड नको की माणूस ओळखू येईल. नाव गाळलं म्हणजे झालं असं नाही. लहान गावात नावाशिवायही सगळ्यांना कळतं, आणि गोपनीयतेबद्दल बेफिकीर असलेला विद्यार्थी समितीला नकोच असतो.

गरजेच्या परिच्छेदात आपली मुलं अडखळतात. घरचं बाहेर बोलू नये हे हाडीमाशी भिनलेलं असतं, म्हणून 'माझ्यावर आर्थिक ताण आहे' एवढंच लिहून मोकळी होतात. दैन्य मांडायची गरज नाही, हिशोब मांडा. उदाहरणार्थ: 'क्लिनिकल वर्षात माझी तीन रोटेशन्स घरापासून साठ मैलांपलीकडे आहेत. त्यातल्या दोन ठिकाणी पाच-पाच आठवड्यांची भाड्याची खोली घ्यावी लागेल, दर खेपेला सुमारे ९०० डॉलर. ही रक्कम शाळेच्या अंदाजपत्रकात नाही. या निधीतून मी ती भरेन आणि तेवढं खासगी कर्ज कमी घेईन.' वाचणाऱ्याला आपले दोन हजार कुठे जाणार ते दिसतं. देणगीदाराला कळवायलाही समितीला हे वाक्य उपयोगी पडतं. अशी वाक्यं निवडून आणतात, हे मी पाहिलं आहे.

शिफारसपत्र मागताना तीन-चार आठवडे आधी मागा आणि निधीची अट तशीच्या तशी पाठवा. वर्गात नव्वद गुण दिलेल्या प्राध्यापकापेक्षा तुम्हाला रुग्णासमोर पाहिलेला प्रिसेप्टर (रोटेशनमध्ये शिकवणारा डॉक्टर किंवा पीए) बरा, मात्र तो ईमेलला उत्तर देणारा असावा.

मिळाल्यावर: एड ऑफिस आणि कर

बाहेरून आलेली प्रत्येक शिष्यवृत्ती फायनान्शियल एड ऑफिसला कळवावी लागते. एकूण मदत शाळेने ठरवलेल्या वार्षिक खर्चापेक्षा जास्त होऊ शकत नाही. ओलांडली तर काहीतरी कमी करतात. काय कमी करणार, ते विचारा. कर्ज कमी झालं तर तुमचा फायदाच. शाळेचं अनुदान कमी होत असेल तर पत्र लिहून सांगा की आधी कर्ज कमी करा. आणि वार्षिक खर्चाचा आकडा दगडावरची रेघ नाही. पाळणाघर, रोटेशनचा प्रवास यांच्या पावत्या दिल्या तर तो वाढवून मिळू शकतो.

करात फी, सक्तीची शुल्कं, अभ्यासक्रमाला आवश्यक पुस्तकं आणि साहित्य यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. भाडं आणि जेवणावर गेलेली रक्कम करपात्र. म्हणून निवड असेल तर पारितोषिकाचे पैसे फीला लावा आणि तशी नोंद ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांच्या करपात्र भागातून शाळा बहुधा १४ टक्के आधीच कापते आणि १०४२-एस हा फॉर्म देते. भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर त्यातलं बरंच परत मिळू शकतं.

व्हिसावर असाल तर

स्पष्टच सांगते. परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या पीए शाळा मोजक्या आहेत. फाफ्सा नाही, सरकारी कर्ज नाही, नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर तर फक्त नागरिकांसाठी. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा चालतो, सर्व्हिस कोअर तरीही नाही. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर वाढलेली, एकविसाव्या वर्षी एफ-१ वर गेलेली मुलं यात सगळ्यात जास्त भरडली जातात. शाळा इथलीच, बोलणं इथलं, आणि कर्जाच्या खिडकीवर परदेशी.

माजी विद्यार्थ्यांचा निधी इथे उपयोगाचा, कारण तो खासगी पैसा आहे. देणगीदाराने तशी अट घातली नसेल तर नागरिकत्व आड येत नाही. आड येतो तो फॉर्म: गरज ठरवायला फाफ्सा मागतात आणि तुम्ही तो भरू शकत नाही. अशा वेळी 'मी फाफ्साला पात्र नाही, गरज दाखवायला शाळेचा दुसरा फॉर्म आहे का?' असा एका ओळीचा ईमेल पाठवा. पुष्कळदा असतो. भारतातून येणाऱ्यांनी १८९२ मध्ये सुरू झालेल्या जे. एन. टाटा एंडाउमेंटच्या कर्ज-शिष्यवृत्तीचीही चौकशी करावी.

भारतातल्या पीए पदवीबद्दलही विचारणा होते. आपल्याकडे हा अभ्यासक्रम १९९२ पासून आहे, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झालेला. पण ती पदवी किंवा एमबीबीएससुद्धा असली तरी पँसला थेट बसता येत नाही. एआरसी-पीएने मान्य केलेला पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करावाच लागतो. कमी वेळात करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

आभाराचं पत्र आणि पुढचं वर्ष

पत्र शाळेच्या देणगी कार्यालयामार्फत जातं, देणगीदाराच्या घरी थेट नाही. एक पान पुरे. तुम्ही कोण, आता काय शिकताय, या पैशाने नेमकं काय केलं. निधी कुणाच्या स्मृतीचा असेल तर ते पत्र त्या व्यक्तीची मुलं किंवा जोडीदार वाचतात. अशा वेळी त्या पीएने कुठल्या विभागात, कुठल्या गावात काम केलं हे वाचून दोन ओळी लिहा. नोकरी मागू नका, आणखी पैसेही नाहीत. वेळेवर पत्र न दिल्यामुळे दुसरा हप्ता अडकून पडतो, असंही होतं.

पहिल्या वर्षी नाही मिळालं तर तोच अर्ज क्लिनिकल वर्षात पुन्हा करा. तेव्हा सांगायला रोटेशनचे अनुभव असतात आणि निम्मा वर्ग थकून अर्ज करणं सोडून देतो. मधल्या काळात आणीबाणी आली तर आधी क्रेडिट कार्ड पुढे करू नका. पीए विभागाच्या कार्यालयात जाऊन 'इमर्जन्सी फंड आहे का?' एवढं विचारा. काही ठिकाणी विभागप्रमुखांच्या अखत्यारीत पाचशे-हजार डॉलर असतात आणि ते दोन दिवसांत मिळतात.

नोकरी लागल्यावर तुम्हालाही शाळेतून देणगीसाठी फोन येईल. स्वतंत्र एंडाउमेंटसाठी बहुतेक विद्यापीठं किमान २५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त मागतात, पण ही रक्कम बऱ्याच ठिकाणी पाच वर्षांत हप्त्यांनी देता येते आणि तुकडीतले दहा-बारा जण मिळूनही देतात. काही रुग्णालयं कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतःकडून घालतात. तो फॉर्म एचआरकडे मिळतो. करार लिहिताना अट फार अरुंद ठेवू नका. 'अमुक काउंटीतून आलेला, अमुक विभागात जाणारा, अमुक गुणांचा' असं सगळं घातलंत तर एखाद्या वर्षी बसणारं कुणीच सापडत नाही. 'प्राधान्य' हा शब्द वापरा, आणि बसणारं कुणी नसेल तर समितीने कुणाला द्यावं तेही करारात लिहून ठेवा.